हा विचार माझाच ना?

दोन भावंडं भांडत आईकडे येतात. दोघांची तक्रार शब्दशः सारखी असते: मी हळूच मारलं, त्यानं जोरात मारलं. आई दोघांनाही रागावते, कारण दोघंही एकाच वेळी खरं बोलत असतील हे पटण्यासारखं नसतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये सुखविंदर शेरगिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 साली हेच भांडण प्रयोगशाळेत मांडलं. दोन माणसं समोरासमोर बसवली. एकाच्या बोटावर हलका दाब दिला आणि त्याला सांगितलं, जेवढा दाब तुला जाणवला तेवढाच समोरच्याच्या बोटावर दे. मग समोरच्याने तेवढाच परत द्यायचा. दोघांनाही सूचना एकच, पण एकाला काय सांगितलंय ते दुसऱ्याला ठाऊक नव्हतं. दाब समान राहायला हवा होता. प्रत्यक्षात तो दर खेपेला सरासरी 38 टक्क्यांनी वाढत गेला, आणि आपण नेमका मिळाला तेवढाच दाब परत केला, अशी दोघांचीही प्रामाणिक खात्री होती.

याचं कारण असं, की आपण स्वतः लावलेला जोर आपल्याला कमी जाणवतो. हात हलवण्याचा हुकूम मेंदूतून निघतो, तेव्हाच स्पर्श समजून घेणाऱ्या भागाला आतल्या आत वर्दी जाते: आता अमुक एक स्पर्श होणार आहे, तो आपलाच आहे. त्यामुळे तो स्पर्श येतो तेव्हा मेंदू त्याचा आवाज कमी करून ऐकतो. दुसऱ्याच्या स्पर्शाची अशी वर्दी नसते, म्हणून तो पूर्ण जोराने जाणवतो. स्वतःला गुदगुल्या करता येत नाहीत त्या याचमुळे.

दोन वर्षांनी याच गटाने स्किझोफ्रेनिया असलेल्या व्यक्तींना असंच दाबाशी दाब जुळवायला सांगितलं. त्यांचं मोजमाप निरोगी माणसांपेक्षा अधिक अचूक निघालं. जेवढा दाब मिळाला, त्याच्या बऱ्याच जवळचा दाब त्यांनी दिला. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ त्या एका निष्कर्षापाशी थांबलो होतो. आजारात माणसाची एखादी क्षमता कमी होते असं आपण धरून चालतो. इथे अचूकता वाढली होती, आणि ती वाढ हीच बिघाडाची खूण होती. स्वतःच्या कृतीला जी सूट निरोगी मेंदू देतो, ती सूट इथे मिळत नव्हती. स्वतःचा स्पर्श परक्याच्या स्पर्शाइतकाच ठळक येत होता. सेरा-जेन ब्लेकमोर, क्रिस फ्रिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली गुदगुल्यांच्या प्रयोगात तेच पाहिलं होतं: ज्यांना आवाज ऐकू येत होते, किंवा आपल्या हालचाली दुसरंच कुणी घडवतंय असं वाटत होतं, त्यांना स्वतःचा स्पर्श आणि प्रयोगकर्त्याचा स्पर्श सारखाच वाटला.

या प्रकरणाचा विषय आहे तो आजार सुरू होण्याच्या आधीचा काळ. सोळा-सतरापासून पंचविशीपर्यंतच्या ज्या मुलामुलींच्या वाटेत सायकोसिसचा धोका उभा आहे, त्यांच्या मनात ‘माझं’ आणि ‘दुसऱ्याचं’ यांच्यातली रेघ कशी पुसट होऊ लागते, ती पुसट होत असताना ती मुलं काय सांगतात, आणि आपण ते का ऐकत नाही. सायकोसिस म्हणजे वास्तवाशी नातं सुटणं: कुणी नसताना आवाज ऐकू येणं, कुणीतरी पाळत ठेवतंय किंवा आपले विचार चोरतंय अशी न हलणारी खात्री होणं. स्किझोफ्रेनिया हा त्याचा सर्वांत परिचित प्रकार. ही अवस्था एका रात्रीत येत नाही. बहुतेक वेळा तिच्या आधी महिनोन्‌महिने, कधी काही वर्षं, एक धूसर काळ असतो, आणि त्या काळात मूल स्वतःच कोड्यात पडलेलं असतं.

आधी ती वर्दी नीट समजून घेऊ. एक डोळा मिटा आणि दुसऱ्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावर पापणीवरून अगदी हलकेच बोट टेकवून दाबा. समोरची भिंत सरकते. आता बोट काढा आणि नुसती नजर इकडून तिकडे फिरवा. भिंत जागची हलत नाही. दोन्ही वेळा डोळ्याच्या पडद्यावरचं चित्र सरकलेलंच असतं. हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकातच या फरकाकडे लक्ष वेधलं होतं. नजर फिरवण्याचा हुकूम मेंदूचा असतो, म्हणून सरकण्याचा हिशेब त्याच्याकडे आधीच असतो. बोटाने दाबताना डोळ्याच्या स्नायूंना हुकूम गेलेलाच नसतो, म्हणून मेंदू ठरवतो की जगच हललं. 1950 साली एरिक फॉन होल्स्ट आणि होर्स्ट मिटेलश्टेट या जर्मन शास्त्रज्ञांनी एका माशीचं डोकं उलटं फिरवून तसंच चिकटवलं. उजेडात ती माशी गोल गोल फिरत राहिली. अंधारात तीच माशी सरळ चालली. मेंदूने बांधलेला अंदाज आणि डोळ्यांनी दिलेली खबर एकमेकांच्या बरोबर उलट आली, की प्राणी स्वतःच्याच हालचालीच्या मागे लागतो. त्याच वर्षी अमेरिकेत रॉजर स्पेरी पाण्यातल्या माशांच्या डोळ्यांवर प्रयोग करून याच निष्कर्षाला पोचले होते.

मग अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ अर्विन फाइनबर्ग यांनी 1978 साली एक धाडसी पाऊल टाकलं. त्यांनी विचारलं, विचार करणं हीसुद्धा मेंदूची एक हालचालच असेल तर? मग तिचीही वर्दी जात असेल, आणि ती वर्दी चुकली तर स्वतःचाच विचार परका वाटेल. क्रिस फ्रिथ यांनी 1992 साली स्किझोफ्रेनियावरच्या आपल्या पुस्तकात ही कल्पना पुष्कळ पुढे नेली.

आपण मनातल्या मनात सतत बोलत असतो. उद्याची फी भरायचीय, त्याला असं बोलायला नको होतं, गॅस बंद केला का. हे बोलणं कुणाचं, असा प्रश्न आपल्याला कधी पडत नाही. पण 1949 साली लुई गूल्ड यांनी, आवाज ऐकू येणाऱ्या एका रुग्णाच्या घशातली, कानाला न कळणारी पुटपुट यंत्राने मोठी करून ऐकली, तेव्हा रुग्ण जे ‘ऐकू येतंय’ म्हणून सांगत होता तेच त्या पुटपुटण्यात होतं. चव्वेचाळीस वर्षांनी लंडनमध्ये फिलिप मॅकग्वायर आणि सहकाऱ्यांनी, आवाज ऐकू येत असतानाच रुग्णांच्या मेंदूतला रक्तप्रवाह तपासला. तो वाढला होता ब्रोका या भागात, म्हणजे जिथून आपण बोलतो तिथे. कान ऐकत होता ते मेंदू बोलत होता.

अमेरिकेत ज्युडिथ फोर्ड आणि डॅनियल मॅथलॉन यांनी हे विजेच्या लहरींतून मोजलं. आपण बोलतो तेव्हा आपलाच आवाज कानात शिरल्यावर साधारण एक दशांश सेकंदाने मेंदूत जी लहर उठते, ती तोच आवाज ध्वनिमुद्रित करून ऐकवल्यावर उठणाऱ्या लहरीपेक्षा लहान असते. स्किझोफ्रेनियात हा फरक कमी होतो. 2012 साली त्यांच्या गटाने धोक्याच्या उंबरठ्यावरच्या तरुणांचं मोजमाप प्रसिद्ध केलं. ते निरोगी आणि आजारी या दोन्ही गटांच्या मधोमध पडलं. त्याआधी 2010 साली लुईझ जॉन्स आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये अशा तरुणांना माइकसमोर शब्द वाचायला लावले आणि त्यांचाच आवाज पट्टी बदलून त्यांना ऐकवला. हा आवाज कुणाचा, हे ओळखताना ही मुलं निरोगी मुलांपेक्षा जास्त चुकली. आजार अजून आलेला नव्हता, कदाचित येणारही नव्हता, तरी ही ओळख डळमळू लागली होती.

हा सिद्धांत मला सुंदर वाटतो, आणि अपुराही. वर्दी चुकली म्हणून विचार परका वाटेल, हे समजतं. पण तो आवाज नेमक्या एका माणसाचा का असतो, तो शिव्याच का देतो, दिवसातून ठरावीक वेळीच का येतो, याचं उत्तर स्पर्श आणि लहरी मोजून मिळत नाही. त्यासाठी माणसाला विचारावंच लागतं.

स्वतःची ओळख म्हटली की सर्वांना आरसा आठवतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन गॅलप यांनी 1970 साली बेशुद्ध चिंपांझींच्या कपाळाला आणि कानाला वास नसलेला रंग लावला. शुद्धीवर आल्यावर आरशात पाहून त्यांनी स्वतःच्या अंगावरचा डाग चाचपला. दोन वर्षांनी ब्यूला ॲम्स्टरडॅम यांनी बाळांच्या नाकाला लाली लावून तेच केलं. दीड ते दोन वर्षांच्या आसपास बहुतेक मुलं आरशातल्या नाकाऐवजी स्वतःच्या नाकाला हात लावू लागतात. आरशातला तो मी, हे ज्ञान तेव्हा पक्कं होतं आणि सायकोसिसमध्येही सहसा जात नाही. फोटोतला स्वतःचा चेहरा ओळखायला सांगितलं तर बहुतेक रुग्ण ओळखतात.

तरीही आरसा या गोष्टीत पुन्हापुन्हा येतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रेंच डॉक्टरांनी नोंदवलं होतं, की आजाराच्या सुरुवातीला काही तरुण तासन्‌तास आरशासमोर उभे राहतात. त्यात नटणं नसतं. चेहरा बदलला नाही ना, हे तपासणं असतं. चेहरा आपलाच आहे हे त्यांना ठाऊक असतं, पण तो आपला *वाटत* नाही. ठाऊक असणं आणि वाटणं यांतली ही फट म्हणजेच या आजाराचं मूळ, असं काही संशोधक मानतात, आणि मलाही ते पटतं. निरोगी माणसालाही तिची चुणूक मिळू शकते. इटलीतल्या उर्बिनो विद्यापीठाचे जोव्हानी कापुतो यांनी 2010 साली पन्नास निरोगी व्यक्तींना मंद उजेडात दहा मिनिटं आरशात स्वतःकडे बघत बसवलं. दोन तृतीयांश लोकांना स्वतःचा चेहरा भलताच बदललेला दिसला. पुढे त्यांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांबरोबर हा प्रयोग केला तेव्हा त्यांना असे चेहरे अधिक वेळा आणि अधिक तीव्रतेने दिसले. ज्याला आधीच असलं काही जाणवतंय, त्याने घरी हा प्रयोग करू नये.

कोपनहेगनचे मनोविकारतज्ज्ञ योसेफ पारनास आणि अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लुई सॅस यांनी या अनुभवाला तत्त्वज्ञानाच्या अंगाने हात घातला. त्यांचं म्हणणं असं: मी भिंतीकडे बघतो तेव्हा ‘हे बघणं माझं आहे’ असा वेगळा विचार मला करावा लागत नाही. तो माझेपणा अनुभवाच्या पोटातच असतो. तोच पातळ झाला, की माणूस स्वतःच्या अनुभवाकडे बाहेरून बघू लागतो. चालताना पाय कसे उचलले जातात याकडे लक्ष जातं, बोलताना वाक्य कुठून येतंय याकडे लक्ष जातं, आणि जितकं लक्ष द्यावं तितकं ते परकं होत जातं. 2005 साली पारनास यांनी सहकाऱ्यांसह अशा अनुभवांची विचारपूस करण्यासाठी 57 मुद्द्यांची एक मुलाखत तयार केली. तिच्यात विचारप्रवाह आहे, स्वतःची जाणीव आहे, शरीर आहे, जगाकडे बघण्याच्या रीतीतला बदल आहे, आणि एक वेगळा भाग आहे तो फक्त ‘मी’ आणि ‘दुसरा’ यांच्या सीमेचा. समोरच्याशी बोलताना हे वाटणं त्याचं की माझं, याचा गोंधळ उडणं. आरशातल्या आपल्या प्रतिमेबद्दल गोंधळ. कुणी नुसतं जवळ आलं तरी आपण त्याच्यात विरघळून जाऊ, अशी भीती.

मुलं हे अशा शास्त्रीय भाषेत सांगत नाहीत. ती म्हणतात, डोकं गच्च झालंय. कंटाळा आलाय. मी नीट इथे नाहीये असं वाटतं. विचार येतो पण तो मी केलेला वाटत नाही. बोलतो मीच, पण बोलल्यावर कळतं की मी बोललो. वर्गात सर बोलतात ते माझ्या मनात आधीच आलेलं होतं, की त्यांनी बोलल्यावर माझ्या मनात आलं? यातली निम्मी वाक्यं ऐकून आपण म्हणतो, अभ्यासाचं टेन्शन आहे, मोबाइल कमी कर. बऱ्याचदा ते खरंही असतं.

कारण हे वयच तसं असतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी 1967 साली लिहिलं, की किशोरवयात प्रत्येक जण एका काल्पनिक प्रेक्षकवर्गासमोर जगत असतो. क्लासला जाताना रस्त्यावरचा प्रत्येक माणूस माझ्याच गालावरच्या पुटकुळीकडे बघतोय, ही पंधराव्या वर्षाची रीतसर भावना आहे. स्वतःबद्दल आणि इतरांच्या मनाबद्दल विचार करताना मेंदूच्या पुढच्या बाजूचा मधला भाग प्रौढांपेक्षा किशोरांमध्ये जास्त सक्रिय असतो, हे ब्लेकमोर आणि इतरांच्या मेंदूचित्रणात दिसलं आहे. याच वर्षांत मेंदू पेशींमधली अनावश्यक जोडणी छाटत असतो. म्हणजे ‘मी कोण’ आणि ‘लोकांना मी कोण वाटतो’ हे काम जोरात चालू असतं तेव्हाच ते करणारी यंत्रणा बदलत असते. सायकोसिस सहसा याच वयात का डोकं वर काढतो, याचं एक कारण तिथे असावं. आणि म्हणूनच आरशासमोर रेंगाळणाऱ्या किंवा ‘सगळे माझ्याकडेच बघतात’ म्हणणाऱ्या प्रत्येक मुलीला धोक्याच्या यादीत टाकणं हा तिच्यावर अन्याय ठरेल.

मग धोका ओळखायचा कशावरून? ऑस्ट्रेलियात मेलबर्नला 1994 साली पॅट्रिक मॅकगोरी, ॲलिसन युंग आणि सहकाऱ्यांनी यासाठीच एक दवाखाना सुरू केला. त्यांनी तीन कसोट्या ठरवल्या. सौम्य स्वरूपातली लक्षणं, म्हणजे भास-संशय आहेत पण खात्री नाही. किंवा पूर्ण लक्षणं, पण आठवडाभरात आपोआप ओसरलेली. किंवा जवळच्या रक्ताच्या नात्यात सायकोसिस आणि त्याबरोबर मुलाच्या रोजच्या व्यवहारात ठळक घसरण. या कसोट्या आज जगभर वापरल्या जातात. त्यांत बसणाऱ्या दर चार तरुणांपैकी साधारण एकाला तीन वर्षांच्या आत सायकोसिस होतो. उरलेल्या तिघांना होत नाही. हे दोन्ही आकडे एकदम लक्षात ठेवायला हवेत. सर्वसाधारण मुलांच्या तुलनेत हा धोका प्रचंड आहे, आणि तरीही बहुसंख्य मुलं त्या वाटेला जात नाहीत.

त्या चारांतला एक कोण, हे आधी ओळखता येईल का? मेलबर्नच्याच बार्नबी नेल्सन यांनी पारनास यांची ती मुलाखत धोक्यातल्या 49 तरुणांची घेतली आणि त्यांचा पाठपुरावा केला. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, ज्यांच्यात पुढे सायकोसिस आला त्यांच्यात माझेपणाची ही झीज सुरुवातीलाच अधिक होती. पोलंडमधल्या वुकाश गावेंदा यांच्या गटाने 2018 साली एक साधी परीक्षा घेतली: ही कृती तू केलीस की नुसती मनात आणलीस? धोक्यातली मुलं इथेही अधिक चुकली. 49 हा आकडा लहान आहे, आणि या परीक्षांवरून एकेकट्या मुलाचं भविष्य सांगता येत नाही. पण त्यांतून एक गोष्ट कळते. भास आणि संशय ही वर आलेली लक्षणं आहेत. त्यांच्या खाली, त्यांच्या आधी, काही शांत बदल घडत असतात, आणि त्यांबद्दल विचारलं तर मुलं सांगू शकतात.

‘माझं’ची रेघ सर्वत्र सारखी आखलेली नसते, हेही इथेच सांगायला हवं. कीर्तनात तल्लीन झालेल्या माणसाला स्वतःचा विसर पडतो. नवरात्रात एखाद्या बाईच्या अंगात येतं, तेव्हा ती बोलते ते तिचं नसतं असं ती आणि भोवतालचे सगळेच मानतात. त्याला सुरुवात असते, शेवट असतो, भोवती माणसं असतात, आणि दुसऱ्या दिवशी ती बाई स्वयंपाकाला लागते. हा आजार नव्हे. स्टॅनफर्डच्या मानववंशशास्त्रज्ञ तान्या लुहरमन यांनी चेन्नई, घानामधलं अक्रा आणि कॅलिफोर्नियातलं सॅन मटेओ इथल्या प्रत्येकी 20 रुग्णांशी, त्यांना ऐकू येणाऱ्या आवाजांबद्दल बोलून 2015 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. अमेरिकेतल्या रुग्णांना ते आवाज म्हणजे मनावरचा हल्ला वाटत होता, त्यांत हिंसा भरलेली होती. अक्रामध्ये अनेकांना देवाचा आवाज येत होता. चेन्नईत निम्म्याहून अधिक जणांना नातेवाइकांचे आवाज ऐकू येत होते, आणि ते पुष्कळदा घरकामं सांगत होते, रागावत होते, समजूत घालत होते. मन म्हणजे चारी बाजूंनी बंद खोली, अशी समजूत जिथे पक्की असते तिथे आत आलेला आवाज घुसखोर ठरतो. जिथे माणूस आधीच आई-काका-मावशीच्या आवाजांत वाढतो, तिथे तोच बिघाड नात्याचं रूप घेतो. त्रास चेन्नईतही होतो. पण त्या त्रासाशी बोलणं सुरू ठेवता येतं.

लंडनमध्ये ज्युलियन लेफ यांनी याच शक्यतेतून एक उपचार तयार केला. रुग्णाने आपल्याला छळणाऱ्या आवाजाला संगणकाच्या पडद्यावर चेहरा द्यायचा, डॉक्टरने त्या चेहऱ्यामागून बोलायचं आणि रुग्णाने त्याला उत्तर द्यायला शिकायचं. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या, 150 रुग्णांवरच्या चाचणीत बारा आठवड्यांनंतर या उपचाराने आवाजांचा जाच साध्या समुपदेशनापेक्षा जास्त कमी झाला. परका वाटणारा तुकडा हुसकून लावण्याऐवजी त्याच्याशी बोलत बोलत त्याला ताब्यात आणायचं, ही दिशा मला फार आशेची वाटते.

धोक्याच्या काळात आणखी एक गोष्ट मुलाकडे असते, जी पुढे हरवू शकते. ती म्हणजे शंका. ‘कुणीतरी माझे विचार वाचतंय असं वाटतं, पण तसं कसं असेल?’ या वाक्यातला दुसरा अर्धा भाग फार मोलाचा आहे. तो आहे तोवर मूल आपल्या बाजूला उभं राहून त्या अनुभवाकडे आपल्याबरोबर बघू शकतं. सायकोसिस पूर्ण उतरला, की तो अर्धा भाग गळतो. मग ‘असं वाटतं’ हे शब्द जातात आणि खात्री येते. म्हणून मुलाने हे सांगितल्याबरोबर ‘काहीतरीच काय’ म्हणून हसणं किंवा हादरून जाणं, दोन्ही महागात पडतं. ते पुन्हा सांगत नाही. खोलीचं दार बंद होतं, मित्र तुटतात, झोप उलटीपालटी होते, आणि शंका एकटीच विझते.

उशिराची किंमत किती, हे नॉर्वेच्या रोगालँड प्रांताने दाखवलं. तिथे 1997 पासून वर्तमानपत्रं, रेडिओ, चित्रपटगृहं, शाळा अशा सर्व मार्गांनी लोकांना सायकोसिसची सुरुवातीची चिन्हं समजावली आणि थेट फोन करता येईल असे गट उभे केले. आजार सुरू झाल्यापासून उपचार मिळेपर्यंतचा काळ ज्या भागांत असं काही नव्हतं तिथे मध्यकानुसार 16 आठवडे होता, रोगालँडमध्ये तो 5 आठवड्यांवर आला. दहा वर्षांनी पाहिलं तर रोगालँडमधले जवळपास 31 टक्के रुग्ण पूर्ण सावरलेले होते, तुलनेतल्या भागात 15 टक्के. आणि जाहिराती थांबवल्यावर तो उशीर पुन्हा 15 आठवड्यांवर गेला.

धोक्यातल्या मुलांना आधीच औषधं द्यावीत का, यावर मोठा वाद झाला. अमेरिकेच्या मनोविकार सूचीच्या 2013 सालच्या आवृत्तीत या अवस्थेला अधिकृत आजार म्हणून जागा द्यायची चर्चा होती. शेवटी तिला ‘अधिक अभ्यास हवा’ अशा पुरवणीत ठेवलं गेलं. चारांतल्या तिघांना जे होणार नाही त्याचा शिक्का कपाळावर मारू नये, हा आक्षेप मला रास्त वाटतो. ब्रिटनची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट सांगतात, की केवळ प्रतिबंध म्हणून सायकोसिसची औषधं देऊ नयेत. बोलण्यावर आधारलेले उपचार द्यावेत, कुटुंबाला सोबत घ्यावं, आणि चिंता किंवा उदासी असेल तर तिच्यावर इलाज करावा. व्हिएन्नामध्ये 2010 साली 81 तरुणांवरच्या चाचणीत माशाच्या तेलाने धोका घटल्याचं दिसलं होतं. 2017 साली कितीतरी मोठ्या चाचणीत तो फायदा दिसला नाही. गांजाबाबत मात्र संदिग्धता कमी आहे. ज्या मुलाची ही रेघ आधीच पुसट आहे, त्याने रोज तीव्र गांजा ओढणं म्हणजे धोका ठळकपणे वाढवणं.

आपल्याकडे असं मूल आधी डॉक्टरकडे जात नाही. बाहेरची बाधा आहे, कुणी करणी केली, असं म्हणत भगताकडे नेलं जातं, नाहीतर लग्न लावून द्यायचं ठरतं. ज्या घरांनी हे भोगलं आहे, त्यांनीच महाराष्ट्रात या विषयाला तोंड फोडलं. कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठात शिकवणाऱ्या डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या आजारपणाच्या अनुभवातून पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’मधला, अतुल कुलकर्णींनी 2004 साली साकारलेला शेष अनेक मराठी घरांनी पहिल्यांदा बघितलेला स्किझोफ्रेनियाचा माणूस होता. चेन्नईतली स्कार्फ ही संस्था आणि माँट्रियलचं मॅकगिल विद्यापीठ यांनी पहिल्यांदाच सायकोसिस झालेल्या तरुणांची तुलना केली, तेव्हा चेन्नईतली कुटुंबं उपचारात अधिक गुंतलेली दिसली. तिथल्या मुलांमधली उदासीनता आणि घुमेपणाही अधिक सुधारला. घर हे आपल्याकडचं मोठं बळ आहे, ते फक्त वेळेवर वापरलं जायला हवं.

2022 पासून केंद्र सरकारची टेली-मानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. पहिल्या भेटीला जाताना काही गोष्टी लिहून न्याव्यात. अभ्यास, मित्र, आंघोळ, झोप यांत बदल कधीपासून दिसला. तो हळूहळू आला की अचानक. नात्यात कुणाला असा त्रास होता का, आणि मूल काही नशा करतं का. याखेरीज मुलाने जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत, आपण शुद्ध न करता, ‘म्हणजे त्याला असं म्हणायचंय’ असं न जोडता लिहावं. ‘वाटतं’ हा शब्द त्याच्या वाक्यात असेल तर तो तसाच ठेवावा, कारण डॉक्टर सर्वांत आधी तोच शोधणार आहेत.